कॅमेऱ्याची मान

आवाज अगदी बारीक असतो. खेळण्यातली गाडी गादीवरून चालवली तर येईल तसा. छताच्या कोपऱ्यातला कॅमेरा मान वळवतो तेव्हा त्याची मोटर हा आवाज करते. दिवसा बारा माणसांच्या गलक्यात तो कानावर येत नाही. पहिल्या रात्री दिवे मालवल्यावर मला तो ऐकू आला. मी कुशीवर वळले, कॅमेरा वळला. मी उताणी झाले, पुन्हा तोच आवाज. पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून पाहिलं तर अंधारात भिंगाभोवती मंद लाल ठिपक्यांचं कडं दिसत होतं. अंधारात चित्र घेण्यासाठी इन्फ्रारेड दिवे लावतात आणि त्यातले काही डोळ्यांना असे पुसटसे लाल दिसतात, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मात्र कोणीतरी जागं आहे एवढंच वाटत राहिलं, आणि कोणी जागं असताना आपण घोरायचं कसं, या काळजीत मी पहाटेपर्यंत टक्क उघड्या डोळ्यांनी पडून होते.

मी शाळेत गणित शिकवते. एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये २६ दिवस राहून आले. शोचं नाव लिहीत नाही. करारात तशी अट आहे, आणि नाव कळून कोणाचं फारसं अडणारही नाही. परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "कॅमेऱ्याची सवय होते का गं?" मी सुरुवातीला "होते की" म्हणून मोकळी व्हायचे. पण ते उत्तर माझं मलाच पटेना, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

निवडीबद्दल थोडक्यात सांगते. फॉर्म, मग स्वतःचा व्हिडिओ, मग मुलाखतींच्या तीन फेऱ्या, वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी मानसशास्त्रज्ञ बाई. मुलाखतीत प्रश्न विचारणारा एक आणि त्याच्या खांद्यामागे कॅमेरा. पगार, शाळा, आवडीनिवडी यावर मी बोलत होते तोवर कॅमेऱ्यामागचा मुलगा जांभया देत होता. मुख्याध्यापकांशी झालेल्या एका भांडणाचा विषय निघाला तसा तो ताठ झाला आणि त्याचा हात भिंगाच्या कड्यावर गेला. मी ते पाहिलं, आणि भांडण जरा वाढवून सांगितलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, माझी खरी निवड तिथेच झाली असावी.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, "एकट्या असताना स्वतःशी बोलता का?" मी म्हटलं, हो, पाढे म्हणते. त्या हसल्या. "तिथे बोलू नका असं मी सांगणार नाही. फक्त कोणीतरी ऐकत असेल." करार ४० पानांचा होता. चित्रण कसंही कापून, कुठेही जोडून दाखवायचा हक्क आमचाच, हे त्यात तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. मी सही केली. सगळेच करतात.

घरात गेल्यावर गणिताच्या बाईंनी काय करावं? कॅमेरे मोजले. दिसले ते ४१. काही एकाच जागी खिळलेले, काही मान वळवणारे, आणि तिसरा प्रकार आरशांमागचा, जो मोजता येत नाही. भिंतींवर मोठमोठे आरसे असतात आणि त्यांच्या मागे काळ्या पडद्यांची बोळ. घरात लखलखाट, बोळात काळोख, म्हणून आपल्याला काचेत आपणच दिसतो आणि पलीकडच्याला आपण. १९९९ साली नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' सुरू झाला, त्याच घराण्यातले हे सगळे खेळ. बोळातली माणसं काळे कपडे घालून चाकांवरचा कॅमेरा ढकलत फिरतात. काचेला नाक लावून दोन्ही हातांनी उजेड अडवला तर पलीकडे काहीतरी हलताना दिसतं. आमच्यातल्या प्रत्येकाने पहिल्या दोन दिवसांत हा उद्योग केला आणि प्रत्येकाला स्पीकरवरून समज मिळाली.

पहिले तीन दिवस घरात इतकी सभ्यता होती की विचारू नका. भांडी घासायला चढाओढ. पोटं आत घेतलेली. जिम चालवणारा एक जण होता, तो पाणी पितानासुद्धा दंडाला पीळ देऊन प्यायचा. सगळ्यात वयस्कर बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. त्या झोपताना केस विंचरून झोपायच्या. पहिला टास्क रंगीत चेंडू वेगळे करण्याचा होता. माझे हात असे चालले की मीच चकित झाले. दुसरा टास्क तोंडी हिशेबांचा. सगळ्यांनी मला पुढे ढकललं, "ताई आहे ना!" समोर कॅमेरा, त्याच्या डोक्यावर लाल दिवा. प्रश्न आला, १७ सक किती? अठरा वर्षं मी हा पाढा मुलांकडून घोकून घेते आहे. मी म्हणाले, १०८. एकशे आठ! घरात क्षणभर शांतता पसरली. मग सगळे हसले, मीही हसले, आणि पुढचे तीन प्रश्नही चुकवले.

बाहेर आल्यावर या चार चुकांचं कारण शोधायला मी वाचायला लागले आणि झुरळांपाशी पोचले. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलं होतं की कोणी पाहत असलं की अंगवळणी पडलेलं सोपं काम जास्त चांगलं होतं आणि अवघड, नवं काम बिघडतं. १९६९ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवर करून पाहिलं. सरळ वाटेवर, बाजूला प्रेक्षक झुरळं असताना, पळणारं झुरळ लवकर पोचायचं. वाट वळणाची केली की त्याच प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागायचा. वाचून मला बरं वाटलं. मात्र १७ चा पाढा माझ्यासाठी सरळ वाट होती की वळणाची, या प्रश्नाचं उत्तर या प्रयोगात नाही. माझ्या मते तिथे पाढा अवघड नव्हता. गणिताच्या बाई म्हणून उभं राहून पाढा म्हणणं अवघड होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी गाठी सैल झाल्या. पोटं सुटली. जिमवाला तोंड उघडं टाकून दुपारी झोपायला लागला. मावशींनी कानात काडी घालायला सुरुवात केली. "आता कॅमेरा विसरले बघा सगळे," असं मीच एकीला म्हणाले. तीही 'हो ना' म्हणाली. आणि हे बोलताना आम्ही दोघी सोफ्यावर एकमेकींकडे तोंड न करता, थोड्या तिरक्या, आरशाकडे उघड्या होऊन बसलो होतो.

ते माझ्या लक्षात यायला आणखी दोन दिवस लागले. एकदा दिसलं आणि मग सगळीकडे दिसायला लागलं. आरशाकडे पाठ करून कोणीच बसत नव्हतं. जेवणाच्या टेबलाची एक बाजू कायम रिकामी. भांडण जुंपलं तरी दोघं समोरासमोर न उभे राहता नाटकातल्यासारखे कोनात उभे राहायचे. कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. आणि बोलणं! "काल सकाळी ओट्याजवळ तू मला म्हणालास की मी कामचुकार आहे, ते मला लागलं." घरी, दारी, शाळेत कोणी असं बोलतं का? माणसं "ते काल काय होतं रे?" एवढंच म्हणतात. आम्ही मात्र वेळ, जागा, नाव, सगळं घालून बोलायचो. याचं मूळ कबुलीच्या खोलीत होतं. तिथे खुर्चीत बसवून पडद्याआडून प्रश्न विचारतात आणि सांगतात, उत्तरात प्रश्न येऊ द्या. म्हणजे नंतर प्रश्नकर्त्याचा आवाज कापला तरी उत्तर एकटं उभं राहतं. मी वर्गात वर्षानुवर्षं बजावते, पूर्ण वाक्यात उत्तर लिहा. मुलांच्या कपाळावर आठ्या का पडतात ते तिथे कळलं.

थोडक्यात, विसरलो होतो ती वस्तू. भिंतीवरचं ते काळं भिंग. ते खरंच विसरलं जातं, पंख्यासारखं, घड्याळासारखं. आंघोळीहून येताना, दात घासताना, मी ते कित्येक दिवस पाहिलंही नाही. पण आपल्याकडे बघणारा कोणी आहे, ही जाणीव तोवर पाठीत, मानेत, वाक्यरचनेत जाऊन बसलेली असते आणि तिला भिंगाची गरज उरत नाही.

हे मी एरवी इतक्या खात्रीने म्हटलं नसतं, पण दहाव्या रात्री आरसा शिंकला. साधारण अकरा वाजले होते. आम्ही पाच-सहा जण पसरून बसलो होतो, कोणीतरी कोणाची तरी नक्कल करत होतं, आणि आरशामागून एक दणदणीत, दाबायचा प्रयत्न करून फसलेली शिंक आली. सगळे दगड झाले. मावशींनी आरशाकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "सर्दी झालीय का रे बाळा? वाफ घे." आम्ही हसून लोळलो. आरसा अर्थातच गप्प. पण त्यानंतरचे दोन तास पहिल्या दिवसासारखे गेले. पाय सोफ्याखाली, नक्कल बंद, कोणीतरी चक्क टेबल पुसायला उठलं. ४१ कॅमेऱ्यांना आम्ही गिळून बसलो होतो. एका शिंकेने सगळं परत वर आलं. यंत्र विसरता येतं, त्यामागे नाक असलेलं माणूस आहे हे कळलं की पंचाईत होते. दुसऱ्या दिवशी स्पीकरवरून सूचना आली, आरशाशी बोलू नका.

माइकबद्दल लोक कमी विचारतात, खरं तर तोच जास्त जाचक. गळ्याशी क्लिप, कमरेला बॅटरीचा डबा, झोपताना कुशीला टोचणारा. कॅमेऱ्यापासून तोंड फिरवता येतं, माइकपासून नाही. कुजबुजताना सगळे नकळत त्यावर हात ठेवायचे आणि लगेच नावासकट हाक यायची, "माइक नीट लावा." कोठीच्या दारामागे एक जागा कॅमेऱ्यात येत नाही असा शोध कोणीतरी लावला होता. तिथे गेलं की प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आता खरं सांगू?" मी तिथे ऐकलेली एकही गोष्ट बाहेर ऐकलेल्यापेक्षा जास्त खरी नव्हती. फक्त हळू आवाजात होती.

आता मानेकडे येते.

परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून मी खूप फिरले आहे. मुलं मान वर करून बघत नाहीत, पण चपलांच्या आवाजावरून बाई कुठल्या रांगेत आहेत ते त्यांना बरोबर कळतं. त्या घरात मी मुलगी झाले होते आणि चपला छतावर होत्या. सुमारे दुसऱ्या आठवड्यात मला कळायला लागलं की मी तो बारीक आवाज ऐकते आहे. ऐकू येतो असं नाही, मी कान लावून असते. जिमवाल्याला मी चक्रवाढ व्याज समजावून सांगत होते, त्याला खरंच कळत होतं, मला शिकवल्याचा आनंद होत होता, आणि कॅमेऱ्याने मान फिरवली. पलीकडे मावशी आणि दुसरी एक जण कुकरवरून बोलत होत्या, तिकडे. मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते: वर्गातून मुलं उठून गेल्यासारखं वाटलं. व्याज अर्धवट टाकलं मी. "उद्या बघू," म्हटलं.

असं रोज दहा वेळा होत असेल तर माणूस काय शिकेल? शांत बोललं की मान वळते, आवाज चढला की परत येते. हसलं की थोडा वेळ थांबते, रडलं की भिंग पुढे सरकतं. कोणीही येऊन आम्हाला "भांडा" म्हणालं नाही, हे मी शपथेवर सांगेन. बाहेर लोकांना वाटतं की सगळं लिहून दिलेलं असतं. लिहून दिलं असतं तर निदान पाठ करताना लाज वाटली असती.

चौदाव्या दिवसाची गोष्ट. न्हाणीघराबाहेरच्या अरुंद बोळात कपडे वाळत घालायचा स्टँड होता. घरातली सगळ्यात लहान, नाच शिकणारी मुलगी, तिने तिचा ओला टॉवेल माझ्या सुक्या कपड्यांवर टाकला. क्षुल्लक गोष्ट. मी म्हटलं, "अगं, बाजूला टाक ना." ती म्हणाली, "हो ताई, सॉरी." इथे विषय संपला होता. आणि वरून आवाज आला. मी पाहिलं. भिंग आमच्याकडे वळत होतं.

माझा आवाज चढला. तो कसा चढला हे मला आतून कळत होतं, जसं रिक्षा वळताना आपलं अंग आपोआप तिरकं होतं तसं. मी म्हणाले, "दर वेळी सॉरी! तुला घरी कोणी काही शिकवलंच नाही का?" तिच्या घरी आई नाही हे तिने मला तिसऱ्या रात्री सांगितलेलं. ती बघत राहिली आणि तिथेच, स्टँडचा दांडा धरून, रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. लगेच जवळ घेतलं असतं तर भांडण पाच सेकंदांत संपलं असतं. वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला वाईट वाटलं हे खरं, आणि त्याच्याच खाली, गाळासारखं, 'हे दाखवतील' असंही वाटलं. अठरा वर्षांत एकाही विद्यार्थिनीला मी असं बोललेले नाही.

२६व्या दिवशी मी मतांनी बाहेर पडले. घरी आल्यावर पहिले काही दिवस शांतता सहन होईना. नवऱ्याशी बोलताना मी म्हणाले, "काल संध्याकाळी दारात तू मला जे म्हणालास की मी बारीक झालेय, ते मला आवडलं." तो वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "अगं, मी तिथेच होतो. मला पत्त्यासकट कशाला सांगतेस?" हॉटेलात गेलो तर मी भिंतीला पाठ लावून, सगळ्यांकडे उघडी अशी बसले. शोकडून समुपदेशकाचे तीन फोन आले. त्यांनी झोप, भूक, चिडचिड विचारली. कानाचं काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तरी मी सरळ बसायचे.

मग एपिसोड पाहिले. हातात घड्याळ धरून. सवय जात नाही. २६ दिवसांचे ६२४ तास, त्यात मी पडद्यावर बोलले ७१ मिनिटं. ही काटछाट काही आजची नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत लाउड नावाच्या एका कुटुंबाच्या घरी चित्रण करणारी माणसं सात महिने येत-जात होती. सुमारे ३०० तासांच्या फिल्ममधून १२ भाग झाले आणि १९७३ मध्ये ते दाखवले गेले. आपली वाईट बाजूच तेवढी निवडली, अशी त्या कुटुंबाची तक्रार होती. माझी तक्रार जरा वेगळी आहे. कॅमेरा वळला म्हणून मी जे जे केलं, त्यातलं जवळजवळ काहीच त्या ७१ मिनिटांत नव्हतं. टॉवेलचं भांडण तर सेकंदभरही नाही.

होतं ते असं: रात्रीचे दोन वाजलेत, मी ओटा पुसते आहे, ओठ हलत आहेत, मागे सारंगीसारखं काहीतरी करुण वाजतं आहे. ओट्यावरच्या खिळलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं. तो कॅमेरा मान वळवत नसे, त्यामुळे माझ्या लेखी नव्हताच. आवाज कमी करून टाकला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षक-खोलीत एक जण हळुवारपणे म्हणाल्या, "किती एकटी पडली होतीस गं तिथे." मी १७ चा पाढा म्हणत होते. रोज रात्री म्हणायचे, पुन्हा चुकू नये म्हणून. पण आता त्या चित्रात मी एकटी दिसते, आणि खरं सांगायचं तर चार-पाच वेळा पाहिल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं आहे.

सीझन संपल्यावर सगळ्यांना एका संध्याकाळी बोलावलं होतं. तिथे कंट्रोल रूममध्ये बसणारी मुलंही होती. त्यांच्यातल्या एकाने माझी ओळख निघाल्यावर स्वतःहून सांगितलं, "ताई, तुम्ही न्हाणीघराच्या बोळातून जाताना नेहमी वर बघायचात." मी विचारलं, चौदाव्या दिवशीचं टॉवेलचं आठवतं का? त्याला आठवेना. मग म्हणाला, "तो बोळातला कॅमेरा ना? त्याची मोटर अडकायची. दर थोड्या वेळाने हलवून बघायला सांगितलं होतं मला. त्या दिवशी दुपारी तर आम्ही सगळे बागेतलंच बघत होतो."

त्याने ते सहज सांगितलं आणि पाणी आणायला गेला. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

त्या मुलीला फोन करायला मला आणखी आठवडा लागला. काय बोलायचं ते वहीत लिहून घेतलं होतं. माफी मागितली, आईवरून जायला नको होतं हे म्हटलं, आणि मग मोटरचंही सांगितलं, कारण ते न सांगता मागितलेली माफी मला खोटी वाटली असती. "मी तो आवाज ऐकला आणि चढले गं. कॅमेरा बघतोय म्हणून."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "ताई, आवाज मलाही आला होता."

मला काय बोलावं ते सुचेना.

"म्हणजे रडले ती खरीच," ती म्हणाली. "पण आवाज आला नसता तर आत जाऊन रडले असते."